शेतात सापडलेली रोमन खापरं आणि कौलं: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात रटलंडच्या रोमन व्हिलावर (व्हिला म्हणजे रोमन काळातलं पैसेवाल्याचं खेड्यातलं घर) लेख आला आणि त्यानंतर प्रश्नांचा ढीगच लागला. ज्यांचा लेख राहून गेला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये इंग्लंडमधल्या रटलंड परगण्यात एका शेतमालकाचा मुलगा घरच्यांसोबत शेतातून फिरत होता, त्याला गव्हात वेगळीच खापरं दिसली, घरी येऊन त्याने सॅटेलाईट फोटो उघडले तर उभ्या पिकात भिंतींच्या सरळ रेषा उमटलेल्या. पुढे लेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी खणलं आणि खाली ट्रॉयच्या युद्धाचं, अकिलीस आणि हेक्टरच्या लढाईचं मोझेक (रंगीत दगडी ठोकळे बसवून केलेलं फरशीवरचं चित्र) निघालं, साधारण ११ मीटर बाय ७ मीटर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते जाहीर झालं. ब्रिटनमध्ये या कथेचं असं मोझेक त्याआधी कधी मिळालेलं नव्हतं. आणि सुरुवात कशाने, तर चार खापरांनी. म्हणून या वेळी ज्यांच्या हातात खरंच एखादा तुकडा आहे त्यांना आधी उत्तर देते.

प्रश्न: मी लेस्टरजवळ राहतो, आयटीत आहे. रविवारी फूटपाथने शेतांमधून चालायला जातो. नांगरट झालेल्या शेतात लाल मातीचा जाडजूड तुकडा दिसला, एका बाजूला कड उभी उचललेली. ऑफिसमधला एकजण म्हणाला रोमन कौल असेल, दुसरा म्हणाला जुना ड्रेनेजचा पाईप. कसं ओळखायचं? आणि खरंच रोमन असेल तर किंमत किती?

उत्तर: उभी कड म्हणताय ना, मग तुमचा पहिला मित्र बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. रोमन छपराला दोन प्रकारची कौलं लागायची. एक टेग्युला, म्हणजे सपाट मोठं कौल, साधारण दीड फूट लांब आणि फूटभर रुंद, दोन्ही लांब बाजूंना कड उचललेली, एकेकाचं वजन ५ ते ८ किलो. दोन टेग्युला शेजारी ठेवल्या की मधे फट राहते, त्या फटीवर अर्धगोल कौल पालथं घालायचे, ते इम्ब्रेक्स. कोकणातली नळीची कौलं ज्यांनी बघितलीत त्यांना इम्ब्रेक्स वेगळं समजवायला नको, तोच आकार, फक्त जाड आणि जड. या सगळ्याचं ओझं पेलायला लाकूडकामही तसंच दणकट लागायचं, म्हणून नुसता कौलाचा तुकडा बघून सुद्धा समजतं की इथे कुठेतरी नीट बांधलेली इमारत होती.

आता तुकडा हातात घेऊन बघा (उचलण्याबद्दल खाली लिहिलंय, ते आधी वाचा). सपाट भागाची जाडी साधारण दोन अडीच सेंटीमीटर असते. खालची बाजू खरखरीत, वाळूचे कण चिकटलेले, कारण ओली माती साच्यातून सुटावी म्हणून वाळू भुरभुरायचे. वरची बाजू त्यामानाने गुळगुळीत, हाताने किंवा फळीने सारवल्यासारखी. कडेच्या आतल्या कोपऱ्यात बोट फिरवल्याची खोबण दिसते पुष्कळदा. कडेचं टोक तिरकं कापलेलं असेल तर फारच छान, वरचं कौल खालच्यात नीट बसावं म्हणून चाकूने तसा छाट द्यायचे, आणि तो छाट कसा आहे यावरून कौल कोणत्या काळातलं असेल याचाही अंदाज बांधतात. काही कौलांवर दोन तीन बोटांनी काढलेली अर्धवर्तुळं असतात, ती बनवणाऱ्याची खूण.

जुना ड्रेनेज पाईप असेल तर तुकडा सगळीकडून गोलाईत जातो, जाडी कमी आणि एकसारखी, भाजणी पण एकसारखी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेतांमधून पाणी काढायला असे मातीचे पाईप प्रचंड प्रमाणात पुरले. त्यातल्या काही जुन्या नमुन्यांवर तर ‘ड्रेन’ असा शिक्काच असतो, कारण १८२६ पासून तो शिक्का असला की विटा कौलांवरचा कर माफ व्हायचा. तिसरी गोष्ट जी लोक रोमन समजतात ती मध्ययुगीन सपाट कौलं. ती बरीच पातळ असतात, सेंटीमीटर दीड सेंटीमीटर, कड नसते आणि वरच्या बाजूला खुंटी घालायला भोक असतं.

शेतात अजून काय काय पडलंय ते पण बघत चला, कारण एकट्या कौलापेक्षा आजूबाजूचा संच जास्त बोलतो. एका बाजूवर कंगव्याने ओढल्यासारख्या रेघा असलेला लाल तुकडा मिळाला तर तो भिंतीतल्या पोकळ चौकोनी विटेचा असू शकतो. रोमन लोक भट्टीची गरम हवा जमिनीखालून आणि भिंतींमधल्या या पोकळ विटांमधून खेळवायचे, आणि रेघा गिलावा धरून राहावा म्हणून ओढलेल्या. साधारण २० सेंटीमीटरच्या जाड चौकोनी विटा म्हणजे बहुतेक त्याच गरम जमिनीखालचे खांब, एकावर एक रचलेले. लाल विटेचे दोन तीन सेंटीमीटरचे ठोकळे म्हणजे साध्या फरशीचे तुकडे, आणि त्याहून लहान, सेंटीमीटरभराचे पांढरे, काळे, लाल, राखाडी दगडी ठोकळे मिळाले तर काळजाचा ठोका चुकायला हरकत नाही, खाली मोझेक असू शकतं. चुन्यात सुरखी (विटेची पूड) घालून केलेल्या गुलाबीसर गिलाव्याचे ढेकूळ दिसलं तर पाण्याशी संबंधित काहीतरी, न्हाणीघर किंवा हौद असण्याची शक्यता वाढते, कारण सुरखीचा चुना ओलाव्यात टिकतो. नुसती टेग्युला असेल तर गोठा किंवा कोठार पण असेल, पण पोकळ वीट आणि मोझेकचे ठोकळे सोबत असतील तर पैसेवाल्या माणसाचं घर.

किंमत विचारलीत. बाजारात कौलाच्या तुटक्या तुकड्याला जवळपास काहीच किंमत नाही, आणि मी म्हणते तेच बरंय. खरी किंमत तो कुठे पडला होता या माहितीची. जागा माहीत असलेला एक ओबडधोबड तुकडा संशोधकाला हवा असतो, आणि जागा माहीत नसलेली अख्खी सुंदर थाळी नुसती शोभेची. म्हणून मोबाईल काढा, जीपीएसचा आकडा टिपून ठेवा, तुकड्याशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो घ्या, आणि तुकडा तिथेच राहू द्या.

प्रश्न: पुण्यात इतिहासाची विद्यार्थिनी आहे. रोमन म्हटलं की शहरं, रस्ते, किल्ले असंच शिकवतात. मग इंग्लंडच्या खेड्यापाड्यात शेतांमध्ये एवढी खापरं कशी? जिथे खापर तिथे व्हिला असं समजायचं का?

उत्तर: नाही, आणि ही चूक फार जण करतात, बातम्या देणारे सुद्धा. इसवी सन ४३ ते साधारण ४१० एवढा काळ ब्रिटन रोमन अंमलाखाली होतं आणि त्यात बहुसंख्य लोक शेतकरीच होते, लहान वस्त्यांमध्ये राहणारे, कित्येक ठिकाणी तर रोमन येण्याआधीपासूनची गोल घरं तशीच चालू होती. या लोकांकडे मोझेक नव्हतं, कौलारू छप्पर नव्हतं, गवताचंच होतं, पण भांडी मात्र भरपूर होती. बाजारात चाकावर केलेली राखाडी रंगाची साधी भांडी मिळायची, फुटायची, परत आणायची. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही. लाकूड गेलं, कापड गेलं, गवत गेलं, खापर राहिलं. म्हणून या सामान्य माणसांचा पुरावा शोधायचा तर खापरांशिवाय आपल्या हातात फार काही नसतं आणि मला स्वतःला व्हिलांपेक्षा या राखाडी खापरांचं जास्त अप्रूप आहे.

आता खापर दिसलं म्हणजे तिथेच घर होतं का, तर तेही नाही. घरातला कचरा शेणखताच्या ढिगात जायचा आणि खत शेतात. त्यामुळे वस्तीच्या आजूबाजूला लांबवर लहान लहान, कडा झिजलेली खापरं विरळ पसरलेली मिळतात. ती वस्तीची नाही तर शेतीची खूण. वस्तीच्या जागेवर खापरं दाट असतात, मोठी असतात, कडा ताज्या असतात, सोबत जळलेला दगड, जात्याचे तुकडे, हाडं येतात. म्हणूनच अनुभवी लोक नुसतं ‘रोमन खापर मिळालं’ असं लिहीत नाहीत, किती मिळाली, किती मोठी होती, किती झिजलेली होती हे सगळं लिहितात.

कौलांचं अजून एक त्रांगडं आहे. ती पायांनी चालत नाहीत पण माणसं त्यांना नेतात. रोमन गेल्यावर पुढची कित्येक शतकं लोकांनी पडक्या इमारतींमधून विटा आणि कौलं उचलली. सेंट ऑल्बन्सच्या कॅथेड्रलचा अकराव्या शतकातला मनोरा शेजारच्या व्हेरुलेमियम या रोमन शहराच्या विटांनी बांधलाय, कोल्चेस्टरच्या सेंट बोटॉल्फ्स मठाच्या पडक्या भिंतींमध्ये रोमन विटा उघड्या डोळ्यांनी दिसतात, नॉर्थॅम्प्टनशरमध्ये ब्रिक्सवर्थच्या चर्चच्या कमानी बघा, त्यातही तेच. त्यामुळे जुन्या चर्चच्या शेजारच्या शेतात रोमन वीट मिळाली तर आधी चर्चच्या भिंतीकडे बघा.

एवढं सगळं म्हटलं तरी कधी कधी खरोखरच व्हिला निघतो. चेडवर्थचा प्रसिद्ध व्हिला १८६४ मध्ये मोझेकचे ठोकळे आणि खापरं वर आल्यामुळे समजला. फिशबोर्नचा राजवाड्याएवढा व्हिला १९६० मध्ये पाण्याची पाईपलाईन टाकताना लागला.

प्रश्न: स्लाऊमध्ये आम्ही भाजीपाल्यासाठी छोटा प्लॉट घेतलाय. मेथी लावायला खणताना नखाएवढा लाल चकचकीत तुकडा मिळाला. मिस्टर म्हणतात कुंडीचा असेल. फोटो पाठवलाय.

उत्तर: ताई, फोटो छान आलाय. कुंडीचा तुकडा मॅट असतो, खडूसारखा, बोटाला पावडर लागते. तुमच्या तुकड्यावर दोन्ही बाजूंनी चकाकी दिसतेय आणि तुटलेल्या कडेतही लाल गुलाबी माती आणि त्यात बारीक पांढरे ठिपके दिसतायत. मला तो सेमियन वाटतो. फोटोवरून शंभर टक्के सांगता येत नाही, म्हणून तुमच्या काउंटीच्या फाईंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू बघून नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला, दाखवा. त्यांचं कामच ते आहे, सल्ल्याचे पैसे पडत नाहीत.

सेमियन म्हणजे त्या काळातली पाहुण्यांसमोर मांडायची भांडी. बनायची आजच्या फ्रान्समध्ये आणि जर्मनीच्या सीमेकडे. पहिल्या शतकात दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्रॉफसांकमध्ये, दुसऱ्या शतकात मध्य फ्रान्समधल्या लेझूमध्ये, नंतर ऱ्हाइनच्या बाजूला ऱ्हाइनत्साबर्न आणि त्रिएरमध्ये. अतिशय बारीक गाळलेल्या मातीच्या पाण्यात भांडं बुडवायचं आणि धूर अजिबात लागू न देता भट्टीत भाजायचं, त्यातून ती चकाकी आणि तो लाल रंग. ला ग्रॉफसांकला तर कुंभारांनी थाळ्यांवर कोरलेले हिशोब मिळालेत, कोणाची किती भांडी या भट्टीत लावली याचे, आणि एका भट्टीत हजारो भांडी लागायची. म्हणजे हा घरगुती धंदा नव्हे, मोठं उत्पादन होतं. भांड्याच्या तळाशी आत पुष्कळदा कुंभाराच्या नावाचा छोटा शिक्का असतो आणि बाहेरच्या नक्षीत ससे, कुत्रे, देव, वेली येतात. ही नक्षी आणि शिक्के इतके नीट अभ्यासलेले आहेत की एका चांगल्या तुकड्यावरून तो ज्या थरात मिळाला त्या थराचा काळ पंचवीस तीस वर्षांच्या फरकात बसवता येतो. १८९५ मध्ये ड्रागेनडॉर्फ नावाच्या जर्मन अभ्यासकाने आकारांना नंबर दिले ते आजही वापरतात, ‘ड्रॅग ३७’ म्हटलं की सगळ्यांना तोच नक्षीचा वाडगा कळतो.

मला सगळ्यात हलवून सोडतात ते दुरुस्त केलेले तुकडे. फुटलेल्या सेमियनला भोकं पाडून शिशाच्या पट्टीने सांधलेलं असतं. आमटी गळेल अशा सांध्याची थाळी कोणीतरी जपून ठेवली. तिसऱ्या शतकाच्या मधे ही आयात थांबली आणि मग ऑक्सफर्डशर, नीन नदीचं खोरं अशा ठिकाणी ब्रिटनमधल्याच कुंभारांनी रंगीत लेपाची भांडी करून ती जागा भरली. तुमचा प्लॉट खणताना अजून काही आलं तर कोणत्या वाफ्यात, किती खोलीवर, ते लिहून ठेवा. मेथी लावा बिनधास्त.

प्रश्न: हे तुकडे घरी ठेवले तर चालतं का? आणि सुट्टीला येताना भारतात आणता येतील का? भाच्यांना दाखवायचेत. (मँचेस्टर)

उत्तर: पब्लिक फूटपाथवरून तुम्हाला चालायचा हक्क आहे, शेतातलं उचलायचा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये साधं खापर जमीनमालकाचं असतं, त्यामुळे आधी मालकाला विचारा, बहुतेक शेतकरी आनंदाने हो म्हणतात आणि स्वतःच्या खळ्यात ठेवलेले अजून चार तुकडे दाखवतात. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टमध्ये, म्हणजे सापडलेल्या ठेव्यांबद्दलच्या कायद्यात, नुसतं खापर येत नाही, पण नाण्यांनी भरलेलं मडकं मिळालं तर मडकं सुद्धा ट्रेझर धरतात आणि कळवणं सक्तीचं आहे. संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवानगीशिवाय काहीही करू नका, मेटल डिटेक्टर तर नाहीच नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे, तिथे जमिनीत सापडलेली पुरातन वस्तू राजसत्तेची, कळवावीच लागते.

बॅगेत घालून आणायचं मात्र नाव काढू नका. ब्रिटनच्या मातीतून निघालेली पन्नास वर्षांहून जुनी पुरातत्त्वीय वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो. भाच्यांना फोटो दाखवा, त्रिमितीय मॉडेल दाखवा, नाहीतर त्यांनाच तिकडच्या म्युझियममध्ये न्या, तिथे पुष्कळ ठिकाणी मुलांना खरी खापरं हाताळायला देतात.

प्रश्न: ताई नमस्कार, मी तेरजवळचा शेतकरी. आमच्या शिवारात पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं, टेकाड आहे, पाऊस झाला की खापरांचा खच वर येतो. तेरला रोमन लोक यायचे म्हणतात. मग आमची ही खापरं आणि कौलं पण रोमन असतील का?

उत्तर: दादा, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते असं म्हणायला हरकत नाही, कारण हा प्रश्न महाराष्ट्रातून यायलाच हवा. तुमच्या पांढरीतली जवळजवळ सगळी खापरं इथलीच असणार, इथल्याच कुंभारांची, आणि त्याने त्यांचं मोल तिळभरही कमी होत नाही. सातवाहनांच्या काळात इथे भाजलेली कौलं होतीच, खिळा ठोकायला भोकं पाडलेली, ती तेर, नेवासे अशा ठिकाणी मिळालीत. रोमन लोकांनी इकडे येऊन व्हिले बांधले नाहीत, त्यामुळे टेग्युला आणि पोकळ विटा इथे शोधू नयेत. रोमन जगातून इथे माल आला तो जहाजाने आणि मग बैलांच्या पाठीवरून.

पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्रव्यापाराच्या माहितीपुस्तकात तगर म्हणजे तुमचं तेर येतं, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. भडोचच्या बंदरात येणाऱ्या मालात दारू होती आणि त्यातही इटलीच्या दारूला पसंती होती असं तो लिहितो. ही दारू यायची ॲम्फोरा नावाच्या दोन कानांच्या उंच मडक्यांतून. त्यांचे तुकडे तेर, नेवासे, जुन्नर, घारापुरी अशा ठिकाणी मिळालेत. ओळखायचं कसं, तर कान बघा. इटलीच्या एका प्रकारात कान म्हणजे दोन जाड दोऱ्या शेजारी शेजारी चिकटवल्यासारखा असतो, आपल्या मडक्यांना असा कान नसतो. इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या बाजूच्या मातीच्या ॲम्फोरांत ज्वालामुखीचे काळे चमकदार कण दिसतात, पण आपली जमीन पण काळ्या दगडाचीच आहे, म्हणून फक्त काळे कण बघून ठरवू नका.

अजून एक गोष्ट. भारतात ॲम्फोरा म्हणून नोंदवलेले बरेच तुकडे पुन्हा तपासले तेव्हा ते रोमन नसून इराक इराणकडच्या लांबट रांजणांचे निघाले. त्यांना टॉर्पेडो जार म्हणतात, कान नसतात आणि आतून डांबराचा काळा थर असतो. तसा तुकडा मिळाला तर तो इराणी आखाताच्या व्यापाराचा साक्षीदार, रोमच्या नव्हे. चकचकीत लाल खापर मिळालं म्हणूनही लगेच सेमियन म्हणू नका, लाल झिलईची उत्तम भांडी आपल्याकडे पश्चिम भारतातच बनायची.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या, तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे आणि जुन्या तगरच्या कितीतरी वस्तू तिथे मांडल्यात. कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकाडात मिळालेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती बघा. आणि टेकाडाबद्दल एक हात जोडून विनंती, जेसीबी लावून पांढरी माती शेतात टाकायला नेऊ नका, विकू पण नका. गावोगावची टेकाडं अशीच गेली. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. पावसाने वर आलेल्या खापरांचे जागच्या जागी फोटो काढा, गट नंबर लिहा, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

प्रश्न: ताई, मी आठवीत आहे, नाशिक. आम्ही लंडनला गेलो होतो तेव्हा म्युझियममध्ये विटेवर कुत्र्याचा पंजा उमटलेला बघितला. तो मुद्दाम काढलाय का?

उत्तर: अरे वा, नीट बघितलंस! मुद्दाम नाही काढलेला. कौलं आणि विटा भट्टीत घालण्याआधी उघड्यावर जमिनीवर पसरून वाळवायचे. तेवढ्यात कुत्रं त्यावरून चालत जायचं, कधी मांजर, बकरी, हरीण, कधी लहान पोरगं अनवाणी, कधी खिळे ठोकलेल्या तळव्याचे बूट घातलेला माणूस. माती ओली, ठसा उमटला, आणि मग तसंच भाजलं. लंडनमध्ये एका कौलावर तर कोणीतरी ओल्या मातीत बोटाने किंवा काडीने लिहून ठेवलंय, की ऑस्टालिस तेरा दिवस रोज आपला एकटाच भटकायला जातोय. ऑस्टालिस बहुतेक कारखान्यातला कामगार असावा आणि लिहिणारा त्याच्या जागी राबून वैतागलेला. काही कौलांवर सैन्याच्या तुकडीचा शिक्का असतो, कारण सैन्याचे स्वतःचे कौलांचे कारखाने होते, चेस्टरच्या विसाव्या लीजनचा होल्टला होता. पुढच्या वेळी म्युझियममध्ये गेलास की विटांच्या कपाटाजवळ थांब, लोक सोन्याकडे पळतात आणि तिथे जागा मोकळी असते.

प्रश्न: इथल्या एका हौशी ग्रुपबरोबर शेत चालायला, म्हणजे नांगरलेल्या शेतात ओळीने चालत खापरं वेचायला, जायचंय. काय न्यायचं, काय करायचं? (केंब्रिजशर)

उत्तर: नक्की जा, आणि जागा पण फार चांगली निवडलीत. नीन नदीच्या खोऱ्यात, वॉटर न्यूटनच्या आसपास, रोमन काळात भट्ट्यांची रांग होती, एडमंड आर्टिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खणल्या. तिथल्या गडद लेपाच्या पेल्यांवर पळणारे कुत्रे आणि ससे असतात, पांढऱ्या मातीचे आणि वरून तपकिरी काळे, एकदा बघितले की विसरत नाही.

नांगरट होऊन एक दोन पाऊस पडून गेले की शेत चालायला सगळ्यात चांगलं, ढेकळं धुतली जातात आणि तिरप्या उन्हात खापर उठून दिसतं. शेतात १० किंवा २० मीटरवर रांगा आखायच्या, प्रत्येकाने आपल्या रांगेत सरळ चालायचं, ठरलेल्या अंतरावर पिशवी बदलायची आणि पिशवीवर रांगेचा नंबर लिहायचा. सगळं उचलायचं, फक्त छान दिसतं तेच नाही. बरेच नवे लोक लाल चकचकीत तुकडे वेचतात आणि राखाडी साधी खापरं, कौलांचे कपचे सोडून देतात, मग नकाशावर भलतंच चित्र येतं, गरिबांच्या वस्त्या गायबच होतात. आतून खडे बसवलेला जाड तुकडा मिळाला तर तो वाटण घोटायच्या भांड्याचा, मॉर्टेरियमचा. बोटभर जाडीचा आणि मोठ्या गोलाईचा तुकडा असेल तर बहुतेक स्पेनहून आलेल्या ऑलिव्ह तेलाच्या ॲम्फोराचा, रिकामीच ३० किलोच्या आसपास भरायची ती.

ग्रुपने शेवटी हे सगळं काउंटीच्या पुरातत्त्व नोंदवहीत आणि पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवायची योजना) जातंय ना हे विचारून घ्या. ही स्कीम १९९७ मध्ये सुरू झाली, ब्रिटिश म्युझियमकडून चालते, आणि त्यांच्या डेटाबेसमध्ये पंधरा लाखांच्या वर वस्तू आहेत, कोणालाही बघता येतात. नोंद होणार नसेल तर असं उचलत फिरण्यापेक्षा शेत तसंच राहिलेलं बरं.

घरी आल्यावर खापरं साध्या पाण्यात मऊ टूथब्रशने धुवा, साबण नको, ॲसिड तर अजिबात नको. एका वेळी एकच पिशवी धुवायची, नाहीतर नंबर मिसळतात आणि सगळी मेहनत वाया. पेपरवर सावलीत वाळवा. रंगवलेल्या गिलाव्याचा तुकडा मात्र धुवायचा नाही, रंग पाण्याबरोबर निघून जातो, तो तसाच माती लागलेला डबीत ठेवून फाईंड्स लायझन ऑफिसरकडे द्या.